बिनडोक कार्डाच्या शोधात

एस.वाय.बी.कॉम.च्या मुलांना मी कॉस्टिंग शिकवतो. त्यात ‘संक कॉस्ट’ नावाचा एक भाग आहे. बुडाला तो पैसा बुडाला, पुढचा निर्णय घेताना तो हिशेबात धरायचा नाही, एवढाच त्याचा मथितार्थ. पण तो मुलांच्या गळी उतरवता उतरवता सहामाही परीक्षा येते. अलीकडे या भागाला मी उदाहरणं घरचीच देतो. मुलं हसतात. त्यांना वाटतं, सर रचून सांगतात.

गरज साधी होती. वडिलांनी रेडिओवरून टेप केलेल्या नाट्यसंगीताच्या कॅसेटी मी संगणकावर उतरवून घेतल्या होत्या. कन्येच्या बारशापासून दहावीच्या निकालापर्यंतचे व्हिडिओ होते, फोटोंना तर गणतीच नव्हती, आणि हा सगळा ऐवज सुट्या हार्ड डिस्कमध्ये कपाटभर विखुरला होता. त्यातली एक डिस्क टकटक आवाज काढायला लागली तेव्हा बायको म्हणाली, “अहो, ते क्लाउड असतं ना, त्यात टाका की. महिन्याला थोडे पैसे जातील, पण डोक्याला ताप नाही.”

‘महिन्याला थोडे पैसे’ ऐकलं की माझं रक्त उसळतं. मी वही घेतली, पुढच्या पंचवीस वर्षांचं भाडं मांडलं, त्याचं आजचं मूल्य काढलं आणि तिच्यापुढे धरलं. एवढ्या रकमेत घरचा सर्व्हर उभा राहून वर दिवाळीही झाली असती. जुना संगणक घरात होताच. सॉफ्टवेअर तर फुकट. ओलिव्हिए कोशार-लाबे नावाच्या फ्रेंच गृहस्थाने २००५ साली फ्रीनॅस सुरू केलं, ते आता ट्रूनॅस या नावाने मिळतं, आणि त्याच्या पोटात झेडएफएस नावाची फाइल सिस्टिम आहे. ती सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जन्मली आणि २००५ मध्येच ओपन सोलारिसबरोबर सगळ्यांना खुली झाली. लिहिलेल्या प्रत्येक ब्लॉकची चेकसम ती वेगळी जपून ठेवते आणि वाचताना पडताळून पाहते. रोजमेळ आणि खातेवही जुळवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला याहून जास्त काय हवं?

शिवाय ती १२८ बिटी. तिची जागा काठोकाठ भरायला जी ऊर्जा लागेल तेवढ्यात पृथ्वीवरचे समुद्र उकळून निघतील, असा हिशेब तिचा एक कर्ता जेफ बॉनविक याने मांडला होता. मी भारावून गेलो. त्याच रात्री संगणकाचं झाकण उघडलं. बोर्डावर साटाचे पोर्ट चार. त्यातला एक मोडलेला.

डिस्क तर सहा आणून ठेवल्या होत्या, दोन एकदम गेल्या तरी माहिती शाबूत राहावी म्हणून. म्हणजे डिस्क जोडायला वेगळं कार्ड हवं. मेव्हणा हिंजवडीत स्टोरेजचंच काम करतो. त्याला फोन लावला. तो म्हणाला, “दाजी, आधी यादी वाचा. यादीत असेल तेच घ्या. आणि कार्ड बघू नका, चिप बघा.” हा सल्ला फुकट मिळाल्यामुळे मी तो गंभीरपणे घेतला नाही.

पहिलं कार्ड ऑनलाइन घेतलं. खोक्यावर ‘१० पोर्ट’ असं ठळक छापलेलं होतं आणि दर पोर्टामागे पडणारा खर्च माझ्या तक्त्यात सगळ्यात कमी होता. चिप कोणती याचा खोक्यावर पत्ता नव्हता, आणि कार्डावर तिच्या अंगावर हीट सिंक चिकटवलेला. मागाहून कळलं की असल्या बऱ्याच कार्डांत मूळ कंट्रोलरला मोजकेच पोर्ट असतात. पुढे पोर्ट मल्टिप्लायर नावाची दुसरी चिप बसवून एकाचे पाच केलेले असतात. त्यात हे कार्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या एकाच लेनवर चालणारं. दुसऱ्या पिढीच्या अशा एका लेनमधून सेकंदाला फार तर ५०० एमबी जातात, आणि आजची साधी डिस्क एकटीच दीडशे-दोनशे मागते. तेही चाललं असतं, फोटो बघायला कुणाला घाई आहे? पण मल्टिप्लायरमागची एक डिस्क अडखळली की कंट्रोलर अख्खी ओळ रीसेट करतो आणि तिच्या शेजारणीही धडधाकट असताना बेपत्ता होतात. झेडएफएसला वाटतं, सगळ्या एकदम वारल्या. मग ती काम थांबवते आणि मालकाला मेल पाठवते. पहाटे.

“कुणाचा मेसेज हो एवढ्या पहाटे?”

“डिस्क गेली.”

“अगं बाई! डिसूझावहिनी? काल तर भाजीवाल्याशी भांडत होत्या!”

त्या दिवशी सकाळी मी यादी वाचली. फ्रीनॅस ज्यावर उभारलं गेलं त्या फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर हार्डवेअर नोट्स येतात. कुठला ड्रायव्हर कुठल्या चिपशी बोलतो ते त्यात लिहिलेलं असतं. एमपीएस नावाचा ड्रायव्हर एलएसआयच्या एसएएस २००८ या चिपशी बोलतो, एमएफआय हा मेगारेड कार्डांशी, असं सगळं. दुकानातलं नाव, खोक्याचा रंग, पोर्टांची संख्या यांची यादीला फिकीर नाही. लोक वर्षानुवर्षं त्याच एका एसएएस २००८ चं नाव घेत होते. मला तेवढ्यानेच संशय आला. सगळेच जे घेतात ते रास्त भावात कसं मिळेल?

मग लॅमिंग्टन रोड. पाटीवरचं त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलं तर ग्रँट रोड स्टेशनबाहेरचा टॅक्सीवालाही विचारात पडतो. कार्डाचीही तीच तऱ्हा होती. चिप एकच, पण एलएसआयने स्वतः विकलं ते कार्ड ९२११-८आय, आयबीएमच्या सर्व्हरातलं एम१०१५, डेलच्या सर्व्हरातलं एच२०० नाहीतर एच३१०. त्यात १९८१ साली निघालेली एलएसआय २०१४ मध्ये अवागोने विकत घेतली, आणि २०१६ मध्ये अवागोने ब्रॉडकॉम विकत घेऊन विकत घेतलेलीचंच नाव स्वतःला लावलं. ही सगळी वंशावळ कागदावर लिहून मी दुकानाच्या काउंटरवर ठेवली.

“किस में लगाना है?” काउंटरमागच्या मुलाने कागद न बघता विचारलं.

“फ्रीबीएसडी.”

“विंडोज में तो चलेगा.” मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून मराठीत, “काका, सर्व्हरचं कार्ड आहे. सगळ्यात चालतं.”

त्याने दिलेलं कार्ड एलएसआयचंच होतं, आठ पोर्टांचं होतं, यादीतही होतं. फक्त एक पिढी आधीचं, १०६८ई चिपचं. किंमत एक तृतीयांश. मी जिंकल्याच्या थाटात डोंबिवली लोकल पकडली. घरी लावलं, सहाही डिस्क दिसल्या. प्रत्येक डिस्क चार टीबीची, आणि प्रत्येकीसमोर लिहून आलं २.२ टीबी. त्या चिपला सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांतच मोजता येतो. ५१२ बाइटचा एक सेक्टर धरला की तिचं गणित २.२ टीबीला संपतं. पुढची जागा असते, तिला दिसत नाही. आयकर खातं संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा मान्य करतं. या कार्डाने पहिल्याच मिनिटाला ४५ टक्के लावला.

इथे थांबायला हवं होतं, हे मी शिकवतो. पण एवढे पैसे घातल्यावर थांबणं जिवावर येतं, हेही मी शिकवतो, फक्त ते चुकीच्या वागण्याचं उदाहरण म्हणून. आता मी ठरवलं, कंजुषी बास. एकदाच काय ते भारी घेऊ. एका सर्व्हरमधून उतरवलेलं रेड कार्ड मिळालं. त्यावर स्वतःचा प्रोसेसर, ५१२ एमबीची कॅश, वीज गेली तर कॅश जिवंत ठेवायला बॅटरी. नव्याची किंमत वाचून डोळे पांढरे व्हावेत असला माल भंगाराच्या भावात! आणि मी छाती पुढे काढून मेव्हण्याला सांगितलं, “यादीत आहे रे. एमएफआयखाली.”

“दाजी, यादीत असणं वेगळं आणि झेडएफएसला चालणं वेगळं.”

आरटीओत लायसन्सला गेलेल्या माणसाला एजंट जसा खिडकीपर्यंत पोचूच देत नाही, तसं हे कार्ड. डिस्क आणि फाइल सिस्टिम यांच्या मधोमध ते उभं राहतं. सहा डिस्क बांधून त्यांची एकच मोठी डिस्क असल्याचं वर कळवतं. कुठली डिस्क तापली, कुणाचे सेक्टर खराब होताहेत, ही विचारपूस परस्पर मिटवतं. फाइल सिस्टिमने ‘लिहून झालं का?’ असं विचारलं की आपल्या कॅशमध्ये ठेवून ‘झालं, साहेब’ म्हणतं. झेडएफएसचं सगळं बळ डिस्कशी थेट बोलण्यात. चेकसम जुळली नाही तर ती दुसऱ्या डिस्कवरच्या माहितीवरून बिघडलेला ब्लॉक दुरुस्त करते. पण एकच डिस्क दिसत असेल तर चूक कळते आणि दुरुस्त कशावरून करायची ते कळत नाही. आणि हा एजंटच उद्या गेला, तर त्याने बांधलेल्या डिस्क उघडायला त्याच जातीचा दुसरा एजंट शोधा. माझ्या कार्डावरची बॅटरी तर आल्यापासूनच फुगलेली होती.

मला हवं होतं ते या सगळ्याच्या उलट. अक्कल नसलेलं कार्ड. इकडून आलेलं तिकडे द्यावं, मध्ये तोंड घालू नये. याला होस्ट बस अडॅप्टर म्हणतात, आणि एसएएस २००८ ची ख्याती हीच की तिच्यातली अक्कल काढून टाकता येते. आयआर फर्मवेअर असेल तर ती थोडं रेड करते. आयटी फर्मवेअर घातलं की काहीच करत नाही. यासाठी वापरलेल्या कार्डावरही लोक आनंदाने पैसे मोजतात, आणि शेवटी मीही मोजले. एका नामांकित कंपनीच्या सर्व्हरमधून निघालेलं, त्याच चिपचं, पण त्या कंपनीचं फर्मवेअर असलेलं. ते खरवडून त्या जागी एलएसआयचं आयटी फर्मवेअर बसवायचं.

या विधीला सोवळं फार. आधी कार्डामागच्या स्टिकरवरचा सोळा अक्षरी एसएएस पत्ता उतरवून घ्यायचा, कारण फ्लॅश पुसली की कार्ड स्वतःचा पत्ता विसरतं. मग मेगारेक नावाच्या अवजाराने फ्लॅश पुसायची, मग एसएएस२फ्लॅशने नवं फर्मवेअर लिहायचं, आणि पुसून झाल्यापासून लिहून होईपर्यंत दुसरं काही भलतंच व्हायला नको, वीज तर मुळीच जायला नको. आमच्याकडे वीज कधी जाते हे सांगणारं माणूस अजून जन्मलेलं नाही. मी यूपीएस लावला, वर कन्येला इन्व्हर्टरपाशी उभं केलं. तिने विचारलं, “बाबा, मी इथे उभी राहून नक्की काय करायचं?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, पण घरात कुणीतरी उभं असलं की बरं वाटतं.

डॉसमधून आज्ञा दिली. उत्तर आलं, ‘फेल्ड टू इनिशिअलाइज पाल’. पाल? मी भिंतीकडे पाहिलं. अर्थ इतकाच होता की ही आज्ञा माझ्या बोर्डावर डॉसमधून चालत नाही, यूईएफआय शेलमधून द्यावी लागते. शेल मिळवलं. ते म्हणालं, हा प्रोग्राम शेलमधून सुरू केलेला नाही. मी त्याला शेलमधूनच सुरू केला होता, हे मी त्या पडद्याला मोठ्याने सांगितलं. नवं शेल त्याला मानवत नव्हतं, जुनं १.० हवं होतं. तेही मिळवलं. शेवटी २११८आयटी.बिन ही फाइल टक्क्याटक्क्याने आत गेली, आणि कार्ड बिनडोक झालं. पत्ता टाकताना मी एका जागी ‘बी’ऐवजी आठ लिहिला, असं नंतर लक्षात आलं. कार्डाची तक्रार नाही. तक्रार करण्याइतकी अक्कल आता त्याच्यात उरलीच नाही.

संगणक बंद करून चालू केला. चालू झाला नाही. पंखे फिरतात, पडदा काळा. कार्ड काढलं की सुरळीत, घातलं की काळा.

दोष कार्डाचा नव्हे आणि बोर्डाचाही नव्हे, दोघांच्या स्वभावाचा. कार्ड मोठ्या सर्व्हरात वाढलेलं. तिथे एसएमबस नावाच्या दोन तारांवरून ते यजमानाशी काही गुजगोष्टी करतं. घरगुती बोर्डाला त्या ऐकवत नाहीत आणि ते सुरू व्हायचंच थांबतं. उपाय जगभर माहीत असलेला: कार्डाच्या खालच्या सोनेरी पट्ट्यांपैकी बी बाजूच्या पाचव्या आणि सहाव्या पट्टीवर चिकटपट्टी लावून त्यांची तोंडं बंद करायची. पट्टी एवढीशी, मिलिमीटरभराची. त्यासाठी कॅप्टॉन टेप मिळते, उष्णता सोसणारी. घरात ती नव्हती. बायकोचं नेलपॉलिश होतं, तेही वीज वाहू देत नाही. चष्म्यावर भिंग धरून, जीभ बाहेर काढून मी दोन पट्ट्या मरून रंगात रंगवल्या, वाळू दिल्या, कार्ड बसवलं. पडदा काळा.

मी ए बाजू रंगवली होती. तिथल्या पाचव्या-सहाव्या पट्ट्या जेटॅगच्या, म्हणजे कारखान्यात तपासणीपुरत्या. त्या झाकल्या काय आणि उघड्या राहिल्या काय, कुणाचं काही अडत नाही. बाटली पुन्हा उघडली. “अहो, लग्नाला जायचंय मला संध्याकाळी, थोडं ठेवा,” असा आवाज आतून आला. बी बाजू रंगवली आणि पडदा उजळला. कार्ड दिसलं. ड्रायव्हर चढला. डिस्क मात्र एकही नाही.

यानंतरचा काळ माझ्या आयुष्यातला सगळ्यात अभ्यासू काळ. मी फर्मवेअरच्या आवृत्त्या बदलल्या, विसावी काढून एकोणिसावी घातली, परत विसावी घातली. पीसीआय एक्स्प्रेसचा खाचा बदलला. ‘बी’च्या जागी लिहिलेला आठही दुरुस्त केला. कॉलेजात पेपर तपासताना एका मुलाच्या ताळेबंदाच्या समासात मी ‘पॉवर केबल?’ असं लिहून ठेवलं, त्याने येऊन खुलासा मागितला.

दोष होता तारेत. कार्डावर एसएफएफ-८०८७ नावाचे रुंद सॉकेट असतात; प्रत्येकातून निघालेल्या तारेला चार साटा शेपट्या फुटतात. अशी तार दोन प्रकारची मिळते. कार्डाकडून चार डिस्ककडे जाणारी फॉरवर्ड, आणि बोर्डावरच्या चार साटा पोर्टांकडून बॅकप्लेनकडे जाणारी रिव्हर्स. दोन्हींची टोकं तीच, रंग तोच, लांबी तीच. आतली जोडणी उलट. चुकीची लावली तर काही जळत नाही, काही दिसतही नाही. डिस्क शांत, कार्ड शांत, फक्त माणूस बोलत असतो. या कार्डासाठी मी घेतलेल्या तारा रिव्हर्स होत्या. त्या का घेतल्या? पन्नास रुपयांनी स्वस्त होत्या. हे मी मेव्हण्याला अजून सांगितलेलं नाही.

उष्णतेचं थोडक्यात आटोपतो. ही कार्डं सर्व्हरच्या पेटीतल्या वाऱ्याच्या झोतासाठी बनवलेली. घरच्या डब्यात त्यांचा हीट सिंक बोट ठेववत नाही इतका तापतो. डोंबिवलीत एप्रिलमध्ये तर विचारायलाच नको. एक छोटा पंखा प्लास्टिकच्या टायने त्याच्यावर बांधला. तो आवाज करतो. बायको म्हणते, डिसूझावहिनींपेक्षा कमी करतो.

तर सर्व्हर चालला. रविवारी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून मी टीव्हीवर तो दाखवला. आधी वडिलांची कॅसेट लावली, मध्येच त्यांचा खोकलाही टेप झालेला आहे तो ऐकवला. बायकोने डोळे पुसले आणि एवढ्यासाठी ते सगळं चाललं होतं होय, अशा नजरेने प्रथमच माझ्याकडे पाहिलं. मग रिमोट कन्येच्या हातात गेला. ती फोल्डर उघडत गेली आणि एका ठिकाणी थांबली.

“बाबा, हे काय?”

फोनचे जुने बॅकअप होते. त्यात गुलाब. गुलाबावर दवबिंदू, खाली ‘शुभ सकाळ’. वाफाळता चहा, खाली सुविचार. उगवता सूर्य, गणपती, परत गुलाब. सासरेबुवांनी रोज पाठवलेले, नातेवाइकांच्या प्रत्येक ग्रुपवरून पुन्हा आलेले, माझ्या फोनमधून एकदा आणि बायकोच्या फोनमधून एकदा असे उतरलेले. प्रत्येक गुलाबाची चेकसम काढलेली. दोन डिस्क जळून गेल्या तरी एका पाकळीला धक्का लागणार नव्हता. शिवाय महिन्यातून एकदा स्क्रब चालतो तेव्हा सहाही डिस्क रात्रभर घरघरून प्रत्येक दवबिंदू जागेवर असल्याची खातरजमा करतात.

“एकसारख्या फाइली एकदाच साठवायची सोय आहे यात,” मी म्हणालो. “डीडुप म्हणतात. फक्त त्याला रॅम भरपूर लागते. आणि मग रॅम घ्यायचीच तर ईसीसी घेतलेली बरी. पण त्यातही एक अनबफर्ड असते, एक रजिस्टर्ड, दिसायला सारख्याच. एक बसते तिथे दुसरी चालत नाही. रजिस्टर्ड जुनी स्वस्त मिळते म्हणतात—”

“बाबा,” कन्या म्हणाली, “डिलीट करा ना.”

पण तोवर मी बोर्डाचा मॉडेल नंबर कागदावर उतरवून घेतला होता.